परवाचे टायर

माझ्या धाकट्या बहिणीनं दोन सीटांची गाडी घेतली तेव्हा घरात पहिला प्रश्न माझ्या बायकोनं विचारला, "आणि बाकीच्या दोघांनी कुठं बसायचं?" काचीगुड्याच्या आमच्या घरात तेव्हा चार माणसं होती : माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मी, बायको आणि ही बहीण. बहीण म्हणाली, "वहिनी, दोघं घरी राहतील आणि गाडी परत येईपर्यंत काळजी करतील." तिनं हे गमतीनं म्हटलं होतं, पण पुढची दोन-अडीच वर्षं जवळपास तसंच चाललं.

गाडी लाल, फायबरच्या अंगाची, टप काढता येणारी. देशातच बनलेली, पण थोड्याच बनल्या होत्या. तोपर्यंत आमच्या गल्लीत गाडी म्हणजे पांढरी किंवा राखी, आणि दोन्ही सरकारी. बाजार खुला झाल्यावर रंग आले, मासिकं आली, परदेशी सामान कुरिअरनं घरपोच येऊ लागलं. बहीण नारायणगुड्याच्या एका मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची. वय तेहेतीस, लग्न केलेलं नव्हतं आणि करायचं नाही असं तिनं शांतपणे सांगून टाकलं होतं. ही गाडी तिनं स्वतःच्या पगारातून, कुणालाही न विचारता घेतलेली पहिली वस्तू. आधीच्या मालकाची पाठ दुखायला लागली म्हणून ती त्यानं विकली होती.

शहराबाहेर एक जुनी धावपट्टी होती. विमानं तिथं उतरायची बंद झाली होती. थंडीच्या महिन्यांत एखाद्या रविवारी हौशी लोक तिथं प्लास्टिकचे शंकू मांडून वळणं तयार करायचे. एका वेळी एकच गाडी सोडायची, फेरी पुरी व्हायला लागलेला वेळ मोजायचा, सगळ्यात कमी वेळ ज्याचा तो पहिला. बहीण पहिल्या रविवारी जाऊन आली ती चेहरा वाऱ्यानं लाल, केसांत धूळ, आणि इतकी आनंदात की तिला नीट जेवताही आलं नाही.

अण्णा मुन्सफ कोर्टात पेशकार होते : खटल्यांच्या मिसली साहेबांपुढं ठेवायच्या आणि जबाब लिहून घ्यायचे. त्यांचं शिक्षण उर्दूत, नोकरी कागदांत. त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"शर्त ऐका," ते बहिणीला म्हणाले. "गाडी रस्ता सोडून एकदा जरी बाहेर गेली, तर ती विकायची. मंजूर?"

"मंजूर," ती म्हणाली.

"तू लिहून घे," ते मला म्हणाले.

मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ती ओळ लिहिली. खाली दोघांच्या सह्या घेतल्या.

वही माझ्याकडे यायचं कारण माझी नोकरी. मी वजन-मापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर मोहर मारायची, नसले तर जप्त करायचे. मला 'साधारण' आणि 'अंदाजे' हे शब्द चालत नाहीत. बायको म्हणते की मी पोळ्या खातानासुद्धा मोजतो. खरं आहे, मोजतो.

फक्त एका बाबतीत मी बेहिशेबी आहे आणि ते मला लग्नानंतर कळलं. बायको पुण्याची. तिचं 'परवा' म्हणजे कालच्या आधीचा नाहीतर उद्याच्या नंतरचा दिवस. आमचं हैदराबाद्यांचं तसं नाही. इथं दक्खनीत 'परसों' म्हणजे मागं कधीतरी, आणि आम्ही मराठी बोललो तरी परवा मात्र इथलाच. लग्नाच्या पहिल्या वर्षी सणाच्या सकाळी मी सहज म्हणालो, "परवा आत्या गेली, ती पुरणपोळी फार छान करायची." बायकोनं शिजलेलं पुरण झाकून ठेवलं, देवघराचा पडदा ओढला आणि सुतक कधी फिटतं ते अण्णांना विचारायला गेली. आत्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

तर गाडी. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारनंतर बहीण म्हणाली, "दादा, वळणावर ही आधी आडवी होते आणि मग वळते. आणि डावीकडे वेगळी वळते, उजवीकडे वेगळी. हिचं खालचं सगळं सुधारायला पाहिजे. चालवीन मी, पण काय घालायचं ते तू ठरव."

"मला गाड्यांतलं काय कळतं?"

"तुला मोजता येतं. सूत्रं मी सांगते."

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद होते. साठीचे, मान थोडी वाकडी, इंजिनाच्या आवाजावरून आजार ओळखणारे. मी आत शिरताच म्हणालो, "उस्ताद, पहचाने? परसों मेरी स्कूटर का क्लच बनाए थे आप."

"हौ साब, याद है. बैठो."

त्यांनी गाडीचा कोपरा हातानं दाबून पाहिला. सल्ला एका दमात दिला, "स्प्रिंग का एक पेच काट देते. नीची होती, सख्त होती. चौडे टायर डालो. खतम."

"किती सख्त?" मी विचारलं.

उस्तादांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. "इत्ता."

मी वही बंद केली. त्यांना ते समजलं आणि हसू आलं. "साब, तुम काटेवाले साब हैं ना? तो तोलो पैले."

म्हणून आम्ही तोललं. ओळखीच्या एका गाडीवाल्यानं सांगितलं होतं की चारही चाकांवर भार किती येतो ते कळल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे. त्यासाठी पोती तोलायचा काटा पाहिजे. माझ्या हद्दीतल्या दुकानदाराकडे मी तो मागितला असता तर त्यानं चहासकट घरी पोचवला असता, म्हणून मागायचा नाही हे ठरलेलंच होतं. बेगम बाजार दुसऱ्या निरीक्षकाकडे होता. तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे रीतसर भाडं देऊन रविवारी सकाळी गाडी नेली. मला ओळखणारे दोघं-तिघं होतेच. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं.

काटा एकच, म्हणून एक चाक त्यावर आणि बाकीची तीन तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर, असं चार वेळा करायचं होतं. बहीण आत बसूनच राहिली, कारण चालवणाऱ्याचं वजनही धरायचं असतं. व्यापारी पाटावरून उठून आला.

"साब, गाडी तोल के बेचते क्या? किलो के क्या भाव?"

"नुस्तं बघतोय," मी म्हणालो.

"तो बाई कू उतारो ना. बारदाना अलग तोलते, माल अलग."

बारदाना म्हणजे रिकामं पोतं, त्याचं वजन मालातून वजा करायचं असतं. बहीण आतूनच म्हणाली, "शेठजी, माल मीच आहे. गाडी बारदाना आहे."

व्यापारी इतका हसला की शटरवालाही बाहेर आला.

आकडे असे निघाले. पुढचं डावं चाक दोनशे नऊ किलो, पुढचं उजवं दोनशे चव्वेचाळीस. मागचं डावं एकशे सहासष्ट, मागचं उजवं एकशे छप्पन्न. एकूण सातशे पंचाहत्तर. बहिणीनं तिथंच बेरीज केली, तिरपी. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून तीनशे पासष्ट, दुसरी जोडी चारशे दहा. "म्हणजे ही एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखी उभी आहे," ती म्हणाली. "म्हणूनच दोन बाजूंना दोन तऱ्हांनी वळते."

नंतर उस्तादांकडे पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढून वीस-वीस किलोची वजनं एकावर एक रचली आणि पट्टी लावली. शंभर किलोला उजवी अठ्ठेचाळीस मिलिमीटर दबली, डावी पंचावन्न. एक थकली होती. थकलेल्या स्प्रिंगेचा पेच, म्हणजे एक वेढा, कापून ती तरणी होत नाही, हे उस्तादांनाही पटलं. शिवाय बहिणीनं हिशेब सांगितला : सहा पेचांतला एक कापला तर स्प्रिंग एक-पंचमांश कडक होते, पण गाडी खाली बसते आणि खड्ड्यात पोट आपटते. काचीगुड्यात खड्डे आहेत.

मद्रासहून जुळत्या जोड्या मिळत होत्या : मूळच्यापेक्षा तीस टक्के कडक, पन्नास टक्के कडक आणि दुप्पट. धावपट्टीवरचे सगळे दुप्पटवाले होते. आम्ही तीस घेतल्या. कारणं मी वहीत लिहिली. धावपट्टीच्या काँक्रीटला दर काही फुटांवर सांधा आहे. फार कडक स्प्रिंग असली की सांध्यावर चाक उडतं, आणि उडालेलं चाक गाडीला धरून ठेवू शकत नाही. दुसरं कारण, हीच गाडी रोज नारायणगुड्याला जाते आणि महिन्यातून एकदा अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. अण्णांचं मत मी तोंडी घेतलं. ते म्हणाले, "मला डॉक्टरपर्यंत पोचव, म्हणजे झालं."

स्प्रिंगांबरोबर नवे शॉक अब्सॉर्बरही घेतले होते, त्यांना एक स्क्रू होता, नरम ते सख्त पाच पायऱ्या. पाचही तपासायच्या होत्या. शहराच्या पश्चिमेला एका बंद पडलेल्या कारखान्याचं आवार होतं, लॉऱ्या वळवायचं मोठं काँक्रीट. तिथला चौकीदार आम्हाला रविवारी आत सोडायचा. मधोमध खिळा ठोकून पंधरा मीटरची दोरी फिरवायची, फक्कीनं वर्तुळ आखायचं, त्या रेषेवरून बहिणीनं गाडी सुटू लागेपर्यंत वेगानं फिरवायची आणि मी एका फेरीचा वेळ मोजायचा. वेळेवरून गाडी जमिनीला किती धरून राहते ते ती काढायची. टायरच्या कडेला खडूची रेघ ओढायची आणि ती किती पुसली गेली यावरून टायर कुठपर्यंत कलंडतो ते बघायचं. सुरुवातीला फेरीला नऊ पूर्णांक दोन दशांश सेकंद लागत होते. स्प्रिंगा, पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या कोपऱ्याखाली चकत्या आणि स्क्रू तिसऱ्या पायरीवर, एवढं झाल्यावर बरोबर नऊ. बेगम बाजारात पुन्हा तोललं तर तिरप्या बेरजा तीनशे एकोणनव्वद आणि तीनशे शहाऐंशी. व्यापाऱ्यानं विचारलं, "पैंतालीस किलो का फरक था, कां गया?" मला फार समाधान वाटलं. आमच्या खात्यात इतकी बरोबरी क्वचित बघायला मिळते.

आता टायर राहिले. मूळचे अरुंद होते. एक माप रुंद देशी टायर घ्यावेत असं माझं मत झालं होतं. तेव्हा उस्ताद म्हणाले, "साब, मेरे भाई के मचान पे चार इंपोर्टेड पडे हैं. नरम रबर, रेस के. परसोंइच आए. एक दिन नै चले."

टायर बघितले. काळेभोर, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस तसेच होते. मी कडेवरचा छापा वाचला. मासिकात आलं होतं की शेवटच्या तीन आकड्यांत टायरचा जन्म असतो : पहिले दोन आठवड्याचे, तिसरा वर्षाचा. इथं होतं दोन, चार, आठ. नुकतंच अठ्ठ्याण्णव संपलं होतं. मी वहीत लिहिलं : चोविसावा आठवडा, अठ्ठ्याण्णव. सात-आठ महिन्यांचे. परदेशातून यायला तेवढे लागणारच. उस्तादांचं परसों आणि माझा आकडा एकमेकांना दुजोरा देत होते.

पुढच्या रविवारी आम्ही वर्तुळाची चाचणी घ्यायला गेलो तर कारखान्याला नवं कुलूप. आत खांबांच्या खुणा आखलेल्या. चौकीदार म्हणाला, "यां कंप्यूटरवाले आते अब. काच की बिल्डिंग." त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता आणि दुःखही नव्हतं. त्याला दुसरीकडे चौकी मिळाली होती.

घरी आल्यावर बहिणीनं अंगणात विचारलं, "दादा, टायर न तपासता जायचं का पुढच्या रविवारी? नाहीतर जुने घालून जाऊ."

ती विचारत होती तेव्हा तिचा हात गाडीच्या दारावर होता. मी कुठलाही भाग एकदा तरी मोजल्याशिवाय बसवला नव्हता. पण ते टायर इतके चांगले दिसत होते.

"नवे आहेत," मी म्हणालो. "परवाच आलेत."

बहीण याच शहरात वाढलेली. तिला त्यात काही खटकलं नाही. ओसरीवर बायको वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "परवा म्हणजे माझं परवा, का तुमचं?"

"टायरवर छापलंय," मी हसून म्हणालो. ती परत वाटाण्यांकडे वळली.

त्या रविवारी सकाळी थंडी होती आणि धावपट्टी कोरडी. उस्तादही आले होते, आपला माल बघायला. अण्णांनी निघताना नेहमीसारखं विचारलं होतं, "आज रस्त्यावरच राहणार ना?" आणि बहीण नेहमीसारखी म्हणाली होती, "तिथंच, अण्णा."

पहिली फेरी संपवून ती आली. वेळ मागच्या महिन्यापेक्षा दीड सेकंदानं जास्त होता. तिनं हेल्मेट काढलं.

"हे टायर बोलत नाहीत, दादा."

"म्हणजे?"

"जुने सुटायच्या आधी कुरकुर करायचे, मला कळायचं. हे गप्प असतात आणि एकदम सोडतात."

मी हवा तपासली आणि चारहीतली दोन-दोन पौंड कमी केली. नरम रबर गरम व्हायला वेळ लागतो, असं मासिकात होतं. मी तिला तेच सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि परत गेली. पुष्कळदा मला वाटतं की तिथं मी नखानं तो टायर एकदा दाबून पाहायला हवा होता. दुकानदाराचं वजन हातात घेतलं की मी आधी त्याची कड नखानं बघतो. वीस वर्षांची सवय आहे.

दुसऱ्या फेरीत लांबच्या डाव्या वळणावर गाडीचं मागचं अंग आवाज न करता सुटलं. गाडी एकदा गोल फिरली, काँक्रीट सोडून काळ्या मातीत गेली, झुडपांपर्यंत पोचली आणि धुळीत थांबली. मी धावलो. माझ्या पुढं उस्ताद पोचले, त्या वयात.

बहीण स्टेअरिंगवर हात ठेवून बसली होती. "मी ठीक आहे," ती म्हणाली. मग गाडीच्या आजूबाजूची माती बघितली आणि अगदी हळू म्हणाली, "बाहेर आली ना."

तिला काही लागलेलं नव्हतं, गाडीलाही नाही. मी आधी तिला पाणी दिलं. मग खिशातली फीत काढली आणि काँक्रीटच्या कडेपासून चाकापर्यंत अंतर मोजलं. एकतीस फूट. मी ते का मोजलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर मी गुडघ्यावर बसून टायर बघितला. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा होत्या. नख दाबलं, उमटलं नाही. डिकीतल्या स्टेपनीला, जुन्या देशी टायरला, दाबलं तर लगेच उमटलं.

"उस्ताद, हे टायर केव्हा आले?"

"बोला ना साब. परसों."

"परसों म्हणजे कधी? वर्ष सांगा."

उस्तादांनी वर बघून बोटं मोजली. "भाई दुबई से आया सो साल. मेरी छोटी पैदा नै हुई थी. छोटी अब दस की है."

म्हणजे तो आठ मागच्या दशकातला, अठ्ठ्याऐंशीचा होता. छाप्यात तीनच आकडे होते. नऊ मी घातला होता.

"दस बरस को परसों बोलते?" माझा आवाज चढला.

उस्ताद चिडले नाहीत. त्यांना खरंच नवल वाटलं. "तो क्या बोलते साब? तुम बी तो बोले, परसों स्कूटर का क्लच बनाए. चार साल हुए उसकू. मैं बोला क्या कुछ?"

त्या माणसानं मला फसवलं नव्हतं. तो माझ्याच भाषेत बोलला होता.

स्टेपनी एकच होती, जुने चारही टायर घरी होते. बहिणीनं त्याच कडक टायरांवर गाडी हळू हळू घरी आणली. वाटेत ती म्हणाली, "मी सांगते अण्णांना."

"नाही. मोजमाप माझं होतं."

"शर्तीवर सही माझी आहे."

आम्ही पोचलो तेव्हा अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते आणि बायको पानं मांडत होती. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "वेळ किती आली?"

"अण्णा, गाडी बाहेर गेली," मी म्हणालो.

त्यांनी आधी बहिणीकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. "लागलं कुठं?"

"नाही," ती म्हणाली.

"किती बाहेर?"

"एकतीस फूट," मी म्हणालो.

अण्णांनी पेपरची घडी केली. "वही आण."

मी पहिलं पान वाचून दाखवलं. मग सगळं सांगितलं : परसों, तीन आकडे, मी घातलेला नऊ, न घेतलेली चाचणी. चूक तिच्या चालवण्याची नव्हती, माझी होती, हे दोनदा सांगितलं.

"ऐकलं," अण्णा म्हणाले. "पण शर्तीत कारण लिहिलेलं नाही. गाडी बाहेर गेली तर विकायची, एवढंच आहे. तुझी चूक ही वेगळी मिसल. ती नंतर बघू."

पेशकाराचं उत्तर होतं आणि बरोबर होतं. बायको ताटं हातात घेऊन उभी राहिली. बहीण नळाखाली हात धूत होती, ती बराच वेळ धूत राहिली. मातीचा काळा ओघळ मोरीत गेला. ती आली तेव्हा चेहरा सरळ होता, पण गाडीच्या किल्लीची कडी तिनं करंगळीत इतकी घट्ट घातली होती की बोट पांढरं पडलं होतं.

"मंजूर केलं होतं," ती म्हणाली. "विकते."

अण्णा तिच्या बोटाकडे बघत होते. "केव्हा?" त्यांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे.

"परवा," ती म्हणाली.

अण्णांनी चष्मा काढला. चाळीस वर्षं त्यांनी या शहरातल्या साक्षीदारांचे जबाब ऐकले होते. परसों खून बघितलेले, परसों जमीन विकलेले, परसों बाप मेलेले. प्रत्येक वेळी मुन्सफसाहेब वैतागून तारीख विचारायचे आणि अण्णा लेखणी थांबवून वाट बघायचे.

"परवा?"

"हौ. परवा."

"ठीक," अण्णा म्हणाले. "शर्तीत विकायची कधी हेही लिहिलेलं नाही, ते आज ठरलं. तू लिहून घे. परवा विकायची." चष्मा पुसून त्यांनी परत लावला आणि बायकोकडे वळले. "सूनबाई, तुमच्या पुण्याचं नव्हे हो. आमचं."

"मला काय करायचंय," बायको म्हणाली आणि तिनं ताटं खाली ठेवली. "माझी सीट कुठं होती त्यात. बसा जेवायला."

मी लिहिलं. तारखेच्या रकान्यात शब्द लिहायला माझा हात धजत नव्हता, पण अण्णा बघत होते. आधीच्या नोंदीत मी एक आकडा पदरचा घातला होता, या वेळी काहीच घातलं नाही.

जेवण झाल्यावर माझी मिसल निघाली. निकाल असा की टायर इथून पुढं मी निवडायचे, पण मोहर बहिणीनं मारायची. तिनं देशी, एक माप रुंद टायर मंजूर केले. कॉलेजच्या मागं सिमेंटचं मैदान मिळालं. फक्की, दोरी, खडू. आठ पूर्णांक आठ दशांश सेकंद. हे टायर सुटायच्या आधी चांगले ओरडायचे, मैदानापलीकडच्या घरातून तक्रार आली. मचानावरचे चार उस्तादांनी परत घेतले आणि त्यातला एक झोपाळ्यासाठी एका शाळेला दिला.

ती आणखी दोन हिवाळे धावपट्टीवर गेली. गाडी पुन्हा बाहेर गेली नाही. अण्णा दर वेळी रस्त्याबद्दल विचारायचे, आणि संध्याकाळी कधी कधी, "ती गाडी विकणार होतीस ना?"

"परवा, अण्णा."

"हौ."

गाडी शेवटी तिनंच विकायला काढली, कुणी न सांगता. अण्णांचे गुडघे आखडले. तेवढ्या खाली वाकून त्यांना तिच्यात बसता येईना, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे तर जायचं होतं. चार दारांची घ्यायची ठरली. घेणारा आला, उस्तादही होते. त्यानं गाडीला फेरी मारली, खाली वाकला आणि विचारलं, "टायर कब के हैं?"

उस्तादांनी तोंड उघडलं. बहीण त्यांच्या आधी बोलली. तोवर टायरांवर चार आकडे छापायला लागले होते, शेवटचे दोन वर्षाचे. तिनं त्याला आठवडा सांगितला आणि वर्ष पूर्ण सांगितलं. तो माणूस तरीही खाली बसून छापा वाचू लागला, तेव्हा मी त्याला उजेड पडावा म्हणून बाजूला झालो.